घर तुमचं, अट जमिनीची

लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कल्व्हर सिटीत 'लेकसाइड व्हिलेज' नावाचं ५३० सदनिकांचं संकुल आहे. १९८८ च्या जानेवारीत नातोर नार्स्टेड या बाईंनी तिथे सदनिका घेतली आणि तीन मांजरांसह राहायला आल्या. मांजरांची नावं बू-बू, डॉकर्स आणि ट्युलिप. ती घराबाहेर पडत नाहीत, आवाज करत नाहीत, त्यांचा कोणाला काडीचाही त्रास नाही, असं बाईंचं म्हणणं. पण संकुलाच्या असोसिएशनला त्यांचा पत्ता लागला आणि दंडाची पत्रं सुरू झाली. मांजरं जाईनात, तसा दंडही चढत गेला. संकुलाच्या नोंदणीकृत घोषणापत्रात लिहिलेलंच होतं की सदनिकेत कुत्री-मांजरं, गुरं, सरपटणारे प्राणी, कोंबड्या यांतलं काहीही ठेवायचं नाही. घरगुती मासे आणि पक्षी तेवढे चालतील.

बाई कोर्टात गेल्या. अशी काही अट आहे हे घर घेताना आपल्याला ठाऊकच नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि सप्टेंबर १९९४ मध्ये बाई हरल्या. न्यायमूर्ती जॉइस केनर्ड यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: अट वाजवी आहे की नाही हे या तीन मांजरांकडे बघून ठरवायचं नाही, साऱ्या संकुलाकडे बघून ठरवायचं. भिंतीला भिंत लागून शेकडो कुटुंबं राहतात तिथे आरोग्य, स्वच्छता, आवाज या कारणांसाठी प्राणिबंदी तर्काला धरून आहे, मग ती एखाद्या शांत मांजरालाही लागू. आणि अट आधीपासून नोंदवलेली असल्यामुळे 'मला माहीत नव्हतं' या म्हणण्याला अर्थ उरत नाही. न्यायमूर्ती आर्मंड अरेबियन यांनी एकट्यांनी जोरदार विरोधी मत लिहिलं. माझा कौल मनातून त्यांच्या बाजूने आहे. पण बहुमताचा मुद्दाही सहज झटकता येत नाही. प्रत्येक अट प्रत्येक घरमालकाच्या बाबतीत नव्याने कोर्टात तपासायची म्हटली, तर अटींवर विसंबून घर घेतलेल्या बाकीच्यांनी काय करायचं?

पुढे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदाच बदलला. १ जानेवारी २००१ पासून केलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या कागदपत्रांना मालकाचा किमान एक पाळीव प्राणी नाकारता येत नाही. किमान एक. म्हणजे या कायद्याच्या आधारावर तीनपैकी दोन मांजरांचा प्रश्न तसाच राहिला असता.

भारतातून गेलेल्या माणसाला हे सगळं तऱ्हेवाईक वाटतं, आणि त्याला कारण आहे. भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघटनांच्या नियमांतली अशी सरसकट बंदी बेकायदा ठरवली. त्यामुळे कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाचा अनुभव असा असतो की चेअरमन कुरकुर करतील, लिफ्टवरून दोन वेळा तोंडातोंडी होईल, सर्वसाधारण सभेत कोणीतरी विषय काढेल, पण कुत्रं घरातच राहील. हाच माणूस नोकरीनिमित्त ह्यूस्टनला जातो, चार-पाच वर्षांनी शहराबाहेर आखीव वसाहतीत घर बघतो आणि 'एचओए (होमओनर्स असोसिएशन) म्हणजे आपली सोसायटीच की' असं समजून सह्या करतो. दिसायला दोन्ही सारखीच. महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी, निवडून आलेली समिती, पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस. फरक आहे तो अट कुठे लिहिलेली असते यात.

सोसायटीचे उपविधी सभासदांना बांधतात. अमेरिकेतल्या आखीव वसाहतीतली मूळ अट जमिनीला बांधलेली असते. विकासकाने शेतजमीन घेऊन तिचे प्लॉट पाडले, तेव्हाच काउंटीच्या दप्तरात एक घोषणापत्र नोंदवून ठेवलेलं असतं आणि त्यानंतरचा प्रत्येक खरेदीदार त्या अटींसकट जमीन घेतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा नवा मालक आला म्हणून पुसला जात नाही, तसंच हे. फक्त इथे बोज्याच्या रकान्यात कुत्र्यांची संख्याही लिहिलेली असू शकते.

या विचाराचं मूळ लंडनमध्ये आहे. लेस्टर स्क्वेअरच्या मधल्या बागेची जागा टल्क या मालकाने १८०८ मध्ये विकली ती 'बाग बागच राहील, तिच्यावर बांधकाम होणार नाही' या अटीवर. जागा हातोहात फिरत मॉक्सहे नावाच्या गृहस्थाकडे आली. अट ठाऊक असूनही त्याला बांधकाम करायचं होतं. 'वचन मी कुठे दिलं होतं?' हा त्याचा बचाव. १८४८ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी तो फेटाळला: अट माहीत असताना जागा घेतलीस, आता ती पाळ. अमेरिकेतल्या विकासकांनी हे तत्त्व उचललं आणि त्याला यंत्राचं रूप दिलं. कॅन्सस सिटीतले जे. सी. निकोल्स त्यातले बिनीचे. मुदत संपताना अटी आपोआप पुढे चालू राहाव्यात आणि त्या राबवायला घरमालकांची सक्तीची संघटना असावी, ही व्यवस्था रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्या कागदांवर जनावरांच्या बरोबरीने माणसांवरही बंदी असायची, हेही सांगायला हवं. कृष्णवर्णीयांना घर विकू नये, भाड्याने देऊ नये, असं उघड लिहिलेलं असे. १९४८ मध्ये सेंट लुईसमधल्या शेली कुटुंबाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशी वांशिक अट न्यायालयांनी अमलात आणायची नाही, आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने असा भेदभावच बेकायदा ठरला. जमिनीला अट चिकटवण्याची युक्ती मात्र कायम राहिली. आज कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी लोक कोणत्या ना कोणत्या असोसिएशनखाली राहतात.

ह्यूस्टनचं उदाहरण घ्यायचं ते तिथे मराठी वस्ती बरीच आहे म्हणून, पण त्याहून मोठं कारण म्हणजे अमेरिकेतलं एवढं मोठं शहर असून त्याला झोनिंगचा, म्हणजे कोणत्या भागात काय चालेल हे ठरवणारा, कायदाच नाही. १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदारांनी झोनिंग नाकारलं. झोनिंग नाही म्हणून कोणी काहीही करतं असं मात्र नाही. झोनिंगचं बरंचसं काम तिथे जमिनीला चिकटलेल्या या अटी, म्हणजे डीड रिस्ट्रिक्शन्स, करतात, इतकं की ठरावीक प्रकारच्या अटी मोडल्या गेल्या तर शहराचा विधी विभाग स्वतः दावा लावू शकतो. शहराच्या हद्दीबाहेर, केटीजवळच्या सिंको रँचसारख्या भागांत, महापालिकाच नाही आणि टेक्सासातल्या काउंट्यांना झोनिंगचे अधिकार जवळपास नाहीतच. तिथे कोंबड्या पाळायच्या की नाही, कुंपण किती उंच घालायचं, दारात बोट उभी करायची की नाही, या सगळ्याचं उत्तर एकाच जागी मिळतं: काउंटी क्लर्ककडच्या त्या घोषणापत्रात.

आता ते कलम जवळून बघू. शब्द थोडेफार बदलतात, पण ठसा एकच. आधी सरसकट बंदी येते: कोणत्याही प्लॉटवर कसलीही जनावरं, गुरं किंवा कोंबड्या पाळायच्या नाहीत, त्यांची पैदास करायची नाही. मग अपवाद: कुत्री, मांजरं आणि 'इतर नेहमीचे घरगुती प्राणी' चालतील. मग अपवादावर अटी: विक्रीसाठी नकोत, उपद्रव नको, मालकाच्या हद्दीबाहेर दोरीशिवाय नकोत. आणि शेवटी कुठेतरी संख्या, बहुधा दोन किंवा तीन. काही कागदांत संख्या नसते, 'वाजवी संख्या' असते. वाचणाऱ्याला ते दिलासादायक वाटतं. मला उलट वाटतं. 'तीन' म्हणजे तीन, 'वाजवी' म्हणजे किती ते असोसिएशनचं बोर्ड ठरवणार, आणि बोर्ड दर निवडणुकीला बदलतं.

मेख संख्येत नसते, आजूबाजूच्या शब्दांत असते. दोनची मर्यादा फक्त कुत्र्यांना की कुत्री-मांजरं मिळून? पिल्लं धरायची का, धरायची तर कितव्या महिन्यापासून? सुट्टीत मुलगी तिचा लॅब्रेडॉर घेऊन दोन महिने राहायला आली, तर तो मोजायचा का? ससा घरगुती, पण अंगणातली कोंबडी नावाने हाक मारल्यावर येत असली तरी ती 'पोल्ट्री'च. शहराचा नियम कोंबड्यांना परवानगी देत असला तरी उपयोग नाही. शहर परवानगी देतं आणि घोषणापत्र बंदी घालतं तिथे दोन्ही पाळावी लागतात, म्हणजे कडक ते चालतं. अपार्टमेंटवजा संकुलांत वजनाची मर्यादा भेटते, आणि वजन आजचं की पूर्ण वाढ झाल्यावरचं हे लिहिलेलं नसतं. काही ठिकाणी पिट बुल, रॉटवायलर अशा जातींची यादी असते. गावठी कुत्र्याची जात काय सांगायची, हा भारतातून सगळे सोपस्कार करून आपली काळू-मोती नेणाऱ्यांचा खास प्रश्न. अमेरिका भारताला रेबीजच्या दृष्टीने धोक्याच्या देशांत धरते, त्यामुळे मायक्रोचिप, लशीचे दाखले, रक्ततपासणी हे सगळं करून कुत्रं तिथे पोचतं आणि मग एचओएच्या फॉर्ममधला 'ब्रीड' हा रकाना समोर येतो.

प्राण्याचं कलम वाचून लोक थांबतात. त्यांनी कुंपणाचंही वाचायला हवं. कुत्रं ठेवायला परवानगी आहे, पण प्लॉट मागे तळ्याला किंवा गोल्फ मैदानाला लागून असेल, तर तिथे बहुतेकदा लाकडी आडोसा चालत नाही. ठरावीक उंचीचं लोखंडी गजांचंच कुंपण लावावं लागतं. गजांमधून छोटं कुत्रं आरामात बाहेर पडतं, आणि मोठं कुत्रं तळ्याकाठी फिरणाऱ्या प्रत्येक बदकावर आणि माणसावर भुंकतं. मग उपद्रवाचं कलम लागतं. गजांना आतून जाळी लावायची तरी असोसिएशनच्या वास्तुसमितीची परवानगी. मागच्या अंगणातल्या कुत्र्याच्या खोपटालाही तीच. म्हणजे 'प्राणी चालतो का?' याचं उत्तर 'हो' असलं, तरी 'तो इथे राहू शकेल का?' याचं उत्तर दुसऱ्याच पानावर असतं.

पानंही एका गठ्ठ्यात नसतात. वर घोषणापत्र, त्याच्या दुरुस्त्या, मग उपविधी, मग बोर्डाने वेळोवेळी केलेले नियम. वजन वेगवेगळं. फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने १९८१ च्या 'हिडन हार्बर इस्टेट्स विरुद्ध बासो' खटल्यात हा भेद नीट मांडला आहे. नोंदलेल्या घोषणापत्रातली अट थोडी गैरसोयीची असली तरी न्यायालय ती सहसा मान्य करतं, कारण घेणाऱ्याने ती पत्करलेली असते. बोर्डाने आपल्या अधिकारात केलेल्या नियमाला मात्र वाजवीपणाची कसोटी लागते. तेव्हा 'दोनच कुत्री' हे घोषणापत्रात आहे की गेल्या वर्षीच्या बोर्डाने मंजूर केलेल्या नियमावलीत, याने तुमची बाजू बदलते. टेक्सासात आणखी एक कायदा खरेदीदाराच्या कामी येतो: असोसिएशनचे असे कागद काउंटीत नोंदवल्याशिवाय त्यांना अंमलच नाही. क्लबहाऊसच्या फळ्यावर चिकटवलेला नियम नोंदलेला आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही.

हे सगळं वाचायला वेळ कधी मिळतो? टेक्सासात घर घेताना मूळ कराराबरोबर सक्तीच्या सभासदत्वाच्या वसाहतींसाठी एक वेगळी पुरवणी भरतात. त्यात चौकोन असतात. पहिला पर्याय निवडला तर विक्रेत्याने ठरलेल्या मुदतीत अटी, उपविधी, नियम आणि असोसिएशनचं रीसेल सर्टिफिकेट द्यायचं, आणि ते हातात पडल्यापासून तीन दिवसांत खरेदीदार करार मोडून बयाणा परत घेऊ शकतो. शेवटचा चौकोन म्हणतो, खरेदीदाराला हे कागद नकोत. बाजार तेजीत असतो, एकेका घरावर पाच-सहा बोली असतात, आणि बोली आकर्षक व्हावी म्हणून हा शेवटचा चौकोन निवडण्याचा सल्ला देणारे एजंट भेटतात. कुत्रं असलेल्याने तो सल्ला ऐकू नये. फ्लोरिडातही कराराआधी माहितीचा गोषवारा द्यावाच लागतो, न दिल्यास तीन दिवसांची तशीच सवलत आहे. पण गोषवाऱ्यात वसाहतीला अटी आहेत एवढंच कळतं, कुत्री किती ते कळत नाही.

वाचायची दुसरी संधी मालकी हक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या कागदात असते. टायटल कमिटमेंटच्या 'शेड्यूल बी'मध्ये टेक्सासात पहिलीच नोंद अटींची असते. खंड, पान, दस्त क्रमांक अशी आकड्यांची रांग. ती रांग बघून पुढचं पान उलटायची सगळ्यांना सवय आहे. वास्तविक तो क्रमांक काउंटी क्लर्कच्या दप्तरात टाकला की घोषणापत्र आणि दुरुस्त्या सापडतात, आणि टायटल कंपनीकडे मागितलं तर प्रतीही मिळतात. रीसेल सर्टिफिकेटमध्ये या घरावर बोर्डाला माहीत असलेली अटभंगाची नोंद आहे का, हेही द्यावं लागतं. विक्रेत्याच्या अंगणात तीन कुत्री बागडत होती याचा अर्थ तीन चालतात असा नाही. कदाचित असोसिएशनचं चौथं पत्र टपालात असेल. शेजाऱ्याची चार चालवून घेतली म्हणून भांडता येतं, असोसिएशन निवडक अंमल करते असा बचाव घेता येतो, पण तो वकिलाच्या तासाच्या दराने घ्यावा लागतो.

अट मोडली तर काय होतं ते राज्याराज्यांत वेगळं आहे. टेक्सासात दंड करण्याआधी नोंदणीकृत टपालाने नोटीस द्यावी लागते, चूक सुधारण्याजोगी असेल तर वाजवी मुदत द्यावी लागते, आणि मालकाला बोर्डापुढे सुनावणी मागता येते. थकलेल्या वर्गणीपोटी असोसिएशन राहत्या घरावरही जप्ती आणू शकते, हे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच मान्य केलं. नुसत्या दंडापोटी मात्र तसं करता येत नाही. तरी दंड, व्याज आणि असोसिएशनच्या वकिलाची फी मिळून आकडा एवढा फुगतो की बहुतेक लोक त्याआधीच नमतं घेतात. नमतं घेणं म्हणजे इथे घरातलं एक कुत्रं दुसऱ्याला देऊन टाकणं. मुलांच्या समोर.

विष्ठा न उचलणाऱ्या मालकांचा माग काढायलाही यंत्रणा आहे. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या कंपनीची 'पूप्रिंट्स' ही सेवा घेतलेल्या वसाहतींत प्रत्येक कुत्र्याच्या गालाचा नमुना घेऊन डीएनए नोंदवतात आणि हिरवळीवर सापडलेला ऐवज प्रयोगशाळेत पाठवतात. हसू येतं खरं, पण सदाशिव पेठेच्या फुटपाथवरून चालणाऱ्याला ही कल्पना फारशी वाईट वाटू नये.

एका बाबतीत घोषणापत्राचं काही चालत नाही. फेअर हाउसिंग कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने अपंगत्वाचा समावेश झाला. दृष्टिहीन व्यक्तीचा मार्गदर्शक कुत्रा, अपस्माराचा झटका ओळखणारा कुत्रा हे कायद्याच्या नजरेत पाळीव प्राणी नाहीत, गरज आहेत. संख्येची, वजनाची, जातीची अट त्यांच्यासाठी शिथिल करण्याची वाजवी मागणी असोसिएशनला मोडीत काढता येत नाही. याचा गैरफायदा घेणारेही निघाले. ऑनलाइन प्रश्नावली भरून मिळालेलं प्रमाणपत्र दाखवत घरातला तिसरा कुत्रा 'आधाराचा प्राणी' ठरवण्याचे प्रकार होतात, आणि त्याची झळ खऱ्या गरजूंना बसते, कारण बोर्ड मग प्रत्येकाकडे संशयाने बघतं. टेक्सासात प्राणी सेवेसाठी प्रशिक्षित असल्याची खोटी बतावणी हा गुन्हा आहे.

आज अट सोयीची आहे, उद्याचं काय? घोषणापत्र बदलायला टेक्सासच्या कायद्याप्रमाणे एकूण मतांपैकी ६७ टक्के मतं लागतात, कागदातच कमी टक्केवारी दिली असेल तर तेवढी. शेकडो घरांच्या वसाहतीत एवढे लोक मतदानाला आणणं कठीण, म्हणून वाईट अटी टिकतात आणि चांगल्याही. बदल झालाच तर सहसा आधीपासून असलेल्या प्राण्यांना अभय देतात, पण ते त्या प्राण्यापुरतं असतं. म्हातारं कुत्रं गेलं की त्याची जागा रिकामीच ठेवायची.

तेव्हा तिसरं कुत्रं असलेल्या कुटुंबाने करायचं ते ऑप्शन पिरियडमध्ये, म्हणजे थोडे पैसे मोजून विनाकारण माघार घेता येते त्या काही दिवसांत. व्यवस्थापन कंपनीला ईमेल करायचा: प्राण्यांची संख्या, जात, वजन, कुंपणाचा प्रकार, आणि या घोषणापत्राच्या कोणत्या कलमाखाली हे चालतं असा थेट प्रश्न. फोनवरच्या बाई 'इट्स नॉट अ प्रॉब्लेम' म्हणतात ते धरून चालू नये. पुढल्या वर्षी त्या त्या कंपनीत नसतात आणि कंपनी त्या वसाहतीत नसते. त्यांच्या ईमेललाही मर्यादा आहे, कारण नोंदलेल्या अटीतून सूट देण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा नसतो, बोर्डाचा असतो, आणि तोही घोषणापत्राने दिला असेल तरच. दिला असेल, तर सूट लेखी घ्यावी, तीत प्राण्यांचं वर्णन असावं, बोर्डाच्या अध्यक्षांची सही असावी, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, आधी तो कागद काउंटी क्लर्ककडे त्याच घोषणापत्राच्या मागोमाग नोंदवून घ्यावा.